हात आपोआप उठला

अकरावीत असताना मी धाकट्या भावाच्या थोबाडीत मारली होती. त्याच्या हातून माझा मोबाईल पडून स्क्रीन फुटली, एवढंच कारण. आई ओरडली तेव्हा म्हणाले, "मुद्दाम नाही मारलं, हात आपोआप उठला."

पुढे फिजिओथेरपीला गेल्यावर हात उठतो म्हणजे काय होतं, ते शिकले. मेंदूतून निघालेला संदेश मज्जारज्जूतल्या चेतापेशीला पोचतो आणि तिथून स्नायूला. चेतातंतूच्या टोकाशी ॲसिटिलकोलिन नावाचं रसायन सुटतं. स्नायूपेशीभर विजेची लहर पसरते, आत साठवलेलं कॅल्शियम मोकळं होतं आणि मायोसिन ॲक्टिनच्या तंतूंना धरून ओढू लागतं. या साखळीत 'मी' कुठेच सापडेना. वाटलं, बघा, खरंच बोलले होते मी.

मग आणखी एक गोष्ट कळली. आपल्या हातापायांच्या स्नायूंना फक्त 'आखड' एवढाच निरोप येतो. 'थांब' सांगणारी नस तिथवर जातच नाही. नकार द्यायचा तर तो वरच, मेंदूत नाहीतर मज्जारज्जूत द्यावा लागतो. तिथे एकेका चेतापेशीवर 'हो' आणि 'नको' असे हजारो निरोप येतात आणि त्यांच्या बेरजेवर ठरतं, पुढे संदेश जाणार की नाही. वारंवार वापरलेली वाट तिथे रुळत जाते.

म्हणजे त्या क्षणी हात आपोआप उठला असेलही. पण ती वाट कोणी रुळवली? आपल्या सवयींना आपणच जबाबदार असतो, असं ॲरिस्टॉटल मानत असे. मला ते पटायला एक आठवण पुरली. माझा हात वर जायच्या आतच भावानं डोळे गच्च मिटले होते. तेही आपोआपच. पहिल्यांदा मार खाणारं पोर असं डोळे मिटत नाही.

आवळलेली मूठ सोडायलाही ऊर्जा लागते, हे शिकले तेव्हा नवल वाटलं होतं. मायोसिनची पकड सुटायला एटीपी लागतं. मेलेल्या माणसात ते बनत नाही, म्हणून प्रेत ताठरतं. सोडून देणं फुकट होत नाही.

गेल्या महिन्यात त्याला फोन करून सॉरी म्हटलं. तो हसला. "अगं ताई, कधीची गोष्ट काढतेस!" मग जरा थांबून म्हणाला, "पण बरं झालं बोललीस."