निरुत्तर शय्येपाशी

मोटार अपघातात मेंदूला इजा झालेली २३ वर्षांची एक युवती पाच महिने निश्चेष्ट पडून होती. डोळे उघडे, पण हाकेला ओ नाही. केंब्रिजचे संशोधक एड्रियन ओवेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिला एमआरआय यंत्रात ठेवून सांगितले, ‘टेनिस खेळत आहेस अशी कल्पना कर’. मग, ‘मनानेच घरातल्या खोल्यांतून फिर.’ दोन्ही वेळी मेंदूचे वेगवेगळे भाग उजळले, निरोगी माणसांचे उजळतात तेच! २००६ साली हा प्रयोग प्रसिद्ध झाला.

तो वाचताना आम्हांला आनंद झाला, आणि लाजही वाटली. अशा आप्ताच्या उशाशी बसून, ‘त्याला काय कळतंय?’ म्हणत आपण काय काय बोललो असू! पोप दुसरे जॉन पॉल यांनी अशा रुग्णांना ‘वनस्पतीसम’ म्हणण्याला मार्च २००४ मध्येच हरकत घेतली होती. त्यासाठी ते यंत्राच्या दाखल्याकरिता थांबले नव्हते.

आणि यंत्र तरी किती सांगणार? २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २४१ निरुत्तर रुग्णांपैकी ६० जणांच्या मेंदूने सूचनेला प्रतिसाद दिला. पण सांगितलेले प्रत्यक्ष करून दाखवणाऱ्या ११२ रुग्णांपैकीही केवळ ४३ जणांचा प्रतिसाद यंत्राला टिपता आला. म्हणजे यंत्राचे ‘होय’ मानावे. त्याच्या मौनावरून मात्र रुग्णाविषयी निकाल देता येत नाही.

तेव्हा कूस बदलताना त्याला नावाने हाक मारून सांगावे. वाडीत पहिला पाऊस पडल्याचेही सांगावे. वाटण्यांची बोलणी ओटीवर करावीत.