‘फात्सून’

डच भाषेत ‘फात्सून’ असा एक शब्द आहे. सभ्यता, शालीनता, चारचौघांत शोभेल असे वर्तन, हा त्याचा आजचा अर्थ. शब्द मात्र मूळचा डच नव्हे. तो फ्रेंच ‘फासों’ या शब्दापासून आला, फ्रेंचला तो लॅटिन ‘फाक्तिओ’कडून मिळाला, आणि त्याच्या मुळाशी ‘फाकेरे’, म्हणजे करणे, घडविणे, हा धातू आहे. याच फ्रेंच शब्दाची इंग्रजीत ‘फॅशन’ झाली. दोन सख्खी भावंडे. एक शिंप्याच्या दुकानात रमले, दुसऱ्याने नीतीच्या घरी बिऱ्हाड केले!

तरीही डच शब्दाला आपला जुना धंदा अगदीच विसरता आलेला नाही. चेपून वेडीवाकडी झालेली टोपी आपल्या ‘फात्सून’मधून गेली, असे तिकडे म्हणता येते. केवळ लोकलाजेस्तव केलेल्या गोष्टीलाही हाच शब्द लागतो. मग सभ्यता ही टोपीच्या घडणीसारखी बाहेरचीच वस्तू समजावयाची काय? आमच्या ‘विधी’ शब्दाची गतही अशीच आहे. त्यातला ‘धा’ धातू ‘फाकेरे’चा दूरचा भाऊबंद; विधी म्हणजे कर्तव्याची आज्ञा, पण विधी आपण उरकूनही टाकतो. एवढ्यावरून आकाराची हेटाळणी करणारे मात्र घाई करतात, असे आम्हांस वाटते.

१९४० च्या मे महिन्यात जर्मनांनी हॉलंड व्यापले. त्याच वर्षी शरदात सरकारी नोकरांकडून आपण ज्यू आहोत की नाही, याचे लेखी निवेदन मागविण्यात आले. बहुतेकांनी ते निमूटपणे भरून दिले. कागद नीट, सही नीट. रीतीत काही उणे नव्हते. नोव्हेंबरात ज्यू नोकरांस कामावरून दूर करण्यात आले. त्यांत लायडन विद्यापीठाचे कायद्याचे प्राध्यापक मेयर्स होते. २६ नोव्हेंबरला, मेयर्स यांच्या व्याख्यानाच्या ठरलेल्या वेळी, त्यांचे शिष्य व कायदा शाखेचे अधिष्ठाता क्लेव्हरिंगा व्यासपीठावर उभे राहिले. त्यांनी बडतर्फीचे पत्र वाचून दाखविले आणि मग आपल्या गुरूच्या विद्वत्तेचे विस्ताराने वर्णन केले. एक शब्द अशिष्ट नाही. त्या भाषणाचे सारे बळ आम्हांस त्या संयमातच दिसते. वक्त्याने आरडाओरडा केला असता, तर श्रोत्यांस गुरूपेक्षा त्याचा संतापच अधिक आठवला असता. विद्यार्थ्यांनी वर्गांवर बहिष्कार घातला. दुसऱ्या दिवशी क्लेव्हरिंगांस अटक झाली आणि विद्यापीठ बंद करण्यात आले.