सरड्याची धाव

‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ज्याची कुवत थोडी आणि उत्साह मोठा, त्याला हसण्यासाठी ती फार सोयीची आहे. मीही ती वापरली आहे आणि पुढेही वापरीन. म्हणींवर रुसून कोणाचे भले झालेले नाही. पण अलीकडे ती कानावर पडली की वाटते, हा निकाल देण्यापूर्वी सरड्याची बाजू कोणी ऐकून घेतली होती का? कुंपण ही हद्द माणसाची. सातबाऱ्यावर नाव त्याचे, म्हणून अडायचे तेही त्यानेच. सरडा तिथे अडत नाही, पोहोचतो. जुने कुंपण आठवून पाहावे. निवडुंग, शेर, घायपात, अधूनमधून बाभळीच्या काट्या आणि त्या सगळ्यांवर पावसाळ्यात माजलेल्या वेली. शेंड्याला ऊन, पोटात सावली, पानापानावर किडे, मुळाशी भुसभुशीत माती. आता एखादा गृहस्थ कचेरी सुटल्यावर सरळ घरी गेला, तर त्याची धाव घरापर्यंतच म्हणून आपण त्याला हसतो काय?

हे विचार डोक्यात आले त्याला यंदाच्या श्रावणातली एक घटना कारण झाली. आमच्या वसाहतीला तिन्ही बाजूंनी मेंदीचे जुने कुंपण आहे. ते काढून सिमेंटची पक्की भिंत घालावी आणि आतल्या बाजूला पेव्हर ब्लॉक बसवावेत, असे सभेत घाटत होते. एका सकाळी त्या मेंदीत दीड वितीचा, हिरवागार, डोक्यावर शिरस्त्राण घातल्यासारखा एक प्राणी निघाला. दोघातिघांनी तो विषारी असल्याचा निर्वाळा देऊन दगड उचलले. तेवढ्यात शेजारच्या वहिनींचा आठवीतला नातू धावला, त्याने काठी पुढे केली, प्राणी शांतपणे काठीवर चढला आणि वरात माझ्या अंगणात आली. मी आयुष्यभर शाळेत जीवशास्त्र शिकवले, तेव्हा असले खटले माझ्याकडेच येतात.

“आजोबा, हा चावतो का?”

“छेडलास तर तोंड उघडून फुसकारेल, चावेलही. पण विष मात्र नाही.”

“मग मी पाळू? पिंजरा कसा करायचा तेवढं सांगा.”

हा सरडगुहिरा, काही ठिकाणी याला घोयरा सरडा म्हणतात. शॅमेलिऑनच्या जगातल्या दोनशेहून अधिक जातींपैकी भारतात आढळणारी ही एकच. म्हणीतला सरडा तुरुतुरु पळतो. हा पळतच नाही. वाऱ्यावर पान हलावे तसा मागेपुढे झुलत एकेक पाऊल टाकतो. पायाची बोटे दोन आणि तीन अशी जुळलेली असल्यामुळे त्याचा पंजा चिमट्यासारखा फांदी धरतो. डोळे दोन दिशांना दोन फिरतात, आणि शरीराहून लांब जीभ निमिषात सुटून किडा घेऊन परत येते. त्याला आधी जास्वंदीवर बसवायला सांगितले आणि आम्ही दोघे कागदपेन्सिल घेऊन ओटीवर बसलो.

मुलाने आधीच एक चित्र काढले होते. वापरात नसलेली माशांची काचेची पेटी, तळाशी वाळू, कोपऱ्यात पाण्याची वाटी, मधोमध एक फांदी. चित्र सुबक होते. पण त्यातली एकेक गोष्ट खोडावी लागली.

काच चालणार नाही. आत हवा कोंडते, प्राण्याला स्वतःचे प्रतिबिंब दिसते आणि तो त्याला शत्रू समजतो. हा एकटा राहणारा जीव आहे, शेजार त्याला सोसत नाही. शिवाय काचेतून ऊन आत येते, पण उन्हातले जे अतिनील किरण त्याची हाडे घट्ट ठेवतात ते बाहेरच राहतात. तेव्हा चारी बाजूंना जाळी. पेटी आडवी नको, उभी हवी. याचे आयुष्य उंचीवर जाते. ती जमिनीवर ठेवायची नाही, कारण वरून कोणी वाकून पाहिले की याला घार आल्यासारखे वाटते. वाटीतले साचलेले पाणी याला सहसा ओळखता येत नाही. पानावर थरथरणारा थेंब तो चाटतो. म्हणजे रोज पाने भिजवणे आले. एक फांदी पुरत नाही. काही अंगठ्याएवढ्या, काही पेन्सिलीएवढ्या, आडव्यातिडव्या अनेक हव्यात. एका टोकाला ऊन आणि दुसऱ्या टोकाला गारवा असावा, म्हणजे ज्याचे त्याला ठरवता येईल. अन्न जिवंत हवे, नाकतोडे वगैरे. आणि मादी असेल तर तळाशी ओलसर मातीचा जाड थर पाहिजे, कारण अंडी घालण्यासाठी ती खाली उतरून बीळ खणते. खणायला जागा मिळाली नाही तर अंडी पोटातच अडकून ती मरू शकते. नराची गाठही न पडलेल्या मादीची हीच गत होऊ शकते.

“आणि पानं दाट हवीत,” मी म्हणालो. “इतकी, की मनात आलं तर त्याला पूर्ण लपता यावं.”

मुलगा थांबला. “मग तो मला दिसणार कसा?”

पाळण्याविषयी आजवर मी जे वाचले, त्यात इतका नेमका प्रश्न क्वचितच कोणी विचारला असेल. कुत्रा पाळला तर तो शेपूट हलवतो, गाय हंबरते, मांजरसुद्धा, आपल्या अटींवर का होईना, मांडीवर येते. हजारो वर्षांत त्यांचा आणि आपला काहीएक करार झालेला आहे. सरडगुहिऱ्याशी असा करार झालेला नाही. त्याला कुरवाळलेले कळत नाही, हाक कळत नाही. त्याचा रंग पाहण्यासाठीच आपल्याला तो हवासा वाटतो. पण रंग बदलतो तो ऊन, थंडी, राग, भय यांच्या हुकमाने. पार्श्वभूमी पाहून तो हवा तो रंग चढवतो, हा आपला एक समज. मादागास्करच्या एका जातीच्या त्वचेत सूक्ष्म स्फटिक असतात आणि त्यांच्यातले अंतर कमीजास्त झाले की रंग पालटतो, असे जिनिव्हाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवून दिले. आपण हातात घेतल्यावर त्याच्या अंगावर काळपट ठिपके उमटतात, तेव्हा मुले टाळ्या पिटतात. तो बिचारा भ्यालेला असतो.

असे पाहता पिंजरा जसजसा चांगला होत गेला तसतसा तो मेंदीच्या कुंपणासारखा दिसू लागला, आणि पाळणाऱ्याची त्यात जागा उरेना. जे प्रेम परत मिळणार नाही, ओळखलेही जाणार नाही, किंबहुना ज्याची उपस्थितीच दुसऱ्याला जाचते, ते करावे कसे? माझे मत असे, की दूर राहणे हीदेखील प्रेमाची एक रीत आहे. आपल्या संस्कृतीत ती फारशी रुजली नाही. आपण प्रेमाने माणसालाही गुदमरवतो, तिथे सरड्याची काय कथा.

कायद्याने हा प्रश्न आपल्यापुरता सोडवला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार सरडगुहिरा पकडणे, पाळणे किंवा विकणे गुन्हा आहे. असा प्राणी सापडला तर वनविभागाला १९२६ या क्रमांकावर कळवावे. पण विदेशी जातींचे, पिंजऱ्यातच जन्मलेले शॅमेलिऑनही लोक हौसेने आणतात, आणि २०२२ च्या दुरुस्तीने अशा प्राण्यांची नोंद करणे बंधनकारक झाले. त्यांना मेंदीत नेऊन सोडा असे कोणी म्हणू नये. तो त्यांचा मुलूख नव्हे. ज्यांनी ते आणले त्यांनी जाळी, थेंब, माती यांचा हिशेब शेवटपर्यंत चुकवलाच पाहिजे. आपल्या सिद्धार्थ उद्यानातले वाघ आणि मिटमिट्याचे मोठे प्राणीउद्यान यांविषयी शहरात जी चर्चा चालते, तिच्या मुळाशीही हाच हिशेब आहे.

आणि भिंतींचे म्हणाल तर या गावाला त्या नव्या नाहीत. मलिक अंबराने १६१० मध्ये खडकी वसवली, औरंगजेबाने तिला तट घातला. तटाचे आज तुकडे उरले, दरवाजे मात्र ‘बावन्न दरवाजांचे शहर’ हे नाव सांभाळून उभे आहेत. तट पडले त्याचे कोणाला दुःख झाल्याचे मी ऐकले नाही. मेंदी मात्र तोडली की दुसऱ्याच दिवशी कोणाचे तरी घर मोडलेले असते.

त्या संध्याकाळी मुलाने स्वतःच सरड्याला काठीवर घेतले आणि नाल्याच्या बाजूच्या मेंदीत सोडले. मग पिंजऱ्याचा कागद घेऊन तो वसाहतीच्या सभेत गेला. तिथे एका सभासदांनी ‘सरड्यासाठी भिंत अडवायची का?’ असे विचारून हशा मिळवला. मी एवढेच म्हणालो, की भिंत चोरांसाठी हवी असेल तर रस्त्याच्या अंगाला घाला. नाल्याकडून आजवर कोणी आलेले नाही. वाद दोन बैठका चालला. शेवटी नाल्याकडचे कुंपण राहिले. त्यात माझ्या वक्तृत्वापेक्षा वाचणाऱ्या खर्चाचा वाटा मोठा असावा, पण मेंदीला त्याचे काय!

मुलगा अधूनमधून पायरीवर बसून कुंपणाकडे पाहत असतो. तीन महिन्यांत त्याला सरडा दोनदा दिसला. एकदा तर तो मेंदीचे कोवळे पान समजून त्याकडेच दहा मिनिटे पाहत होता. परवा वसाहतीतली पोरे दिवाळीच्या किल्ल्यासाठी माती आणायला घमेली घेऊन निघाली. मऊ माती कुंपणाच्या मुळाशीच मिळते, दरवर्षी तिथूनच आणतात. हा आडवा झाला. सरड्याची अंडी कित्येक महिने मातीत राहतात, आणि दिसली नाहीत म्हणजे नाहीत असे नव्हे, असे त्याने त्यांना सांगितले. पोरांनी कुरकुर केली. यंदाचा प्रतापगड बांधकामावरच्या मुरमाचा आहे, आणि त्याचा एक बुरूज सारखा ढासळतो आहे.