मनीचं दार

२०२१चा मे महिना होता. माधवनगरातल्या एका यंत्रमाग कामगाराला कोरोना झाला. डॉक्टरांनी त्याला घरातच वेगळं राहायला सांगितलं. मागची खोली त्याला दिली. त्याच्या पायाशी रोज झोपणारी मनीही त्याच्या मागोमाग आत गेली.

शेजारीण खिडकीतून त्याच्या आईला म्हणाली, "आजी, तुमचं मांजर घरोघर हिंडतंय. आजार पसरवील. पोत्यात घाला अन् रुळापलीकडं सोडून या."

आजीनं पोतं काढलं. तेवढ्यात मनी शिंकली आणि आजीचा हात थांबला. "हिलाही ताप आला वाटतं," म्हणत तिनं मुलाची तापाची गोळी अर्धी मोडली आणि दुधात घालायला घेतली. नातीनं वाटीवर हात ठेवला. "आधी विचारू," म्हणत तिनं जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला.

"गोळी देऊ नका!" डॉक्टर म्हणाले. "पॅरासिटामॉल मांजराला विषासारखं. अर्ध्या गोळीनंही जीव जाऊ शकतो."

"आणि हिच्यापासून आम्हाला?" आजीनं विचारलं.

"आजी, उलटं आहे. गेल्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये दोन पाळीव मांजरांना कोरोना झाला. आता हैदराबादच्या प्राणिसंग्रहालयात आठ सिंहांना झालाय. मांजरानं घरच्यांना दिल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. तिला आजाऱ्यापासून लांब ठेवा, बाहेर सोडू नका. खाणं सोडलं, धाप लागली, तर लगेच कळवा."

आजीनं पोतं परत ठेवलं आणि मनीला बाहेरच्या खोलीत आणलं. मनी दाराशी बसून ओरडायची. आतून तो खोकत म्हणायचा, "मने, लांब जा गं." त्याचा जीव तुटायचा, पण त्यानं दार उघडलं नाही. मनीच्या शिंका थांबल्या. पुढे तोही बरा झाला.

आपली साधी सर्दी मांजराला लागत नाही, पण फ्लू आणि कोरोना लागू शकतात. २००९च्या स्वाइन फ्लूतही अमेरिकेत मांजरांना घरातल्या माणसांकडून लागण झाली होती. मांजराकडून माणसाला कोरोना गेल्याची उदाहरणं पुढे आढळली, पण अगदी विरळ. ज्या मुक्या जिवाला आपण भिऊन हाकलायला निघतो, त्यालाच पुष्कळदा आपल्यापासून जपायचं असतं.

दिवाळीनंतर शेजारणीला फ्लू झाला. नाकाला पदर लावून ती उंबऱ्याबाहेर थांबली. टोपलीत तिनं नवं पाळलेलं पिल्लू होतं.

"आजी, माझा ताप उतरेपर्यंत ह्याला सांभाळाल?"

आजीनं टोपली घेतली आणि मनीपासून लांब, मागच्या खोलीत ठेवली.