शारदेला कोणता लिबास?

जुने नाटक आजच्या कपड्यांत करावे की करू नये, या वादात दोनच बाजू ऐकू येतात. एक म्हणते, अभिजात नाटकाला हात लावू नका. दुसरी म्हणते, पगडी-अंगरखा उतरवा, पॅन्ट-शर्ट चढवा, की नाटक आजचे झाले. आम्हाला खरा प्रश्न वेगळा वाटतो. लिबास बदलला की आरोपी बदलतो. आरोपीचे कपडे कुणाला घालायचे, हे आपण कसे ठरवतो?

पहिल्या बाजूला गोविंद बल्लाळ देवलांनीच उत्तर देऊन ठेवले आहे. १८९० साली त्यांनी ऑथेल्लोचा 'झुंझारराव' केला आणि व्हेनिसचा मूर सेनापती मराठी नाव घेऊन मराठी रंगभूमीवर उभा राहिला. पण असा बदल निरुपद्रवी असतोच असे नाही. २००३ साली विशाल भारद्वाज यांनी मॅकबेथ मुंबईच्या टोळ्यांत आणला आणि स्कॉटलंडचा सरदार मियाँ मकबूल झाला. चित्रपट उत्तम आहे, यात शंका नाही. तरी मॅकबेथ पाहताना माणसाची हाव दिसते आणि मकबूल पाहताना काहींना फक्त 'ही माणसे' दिसतात. पुढे २०१४ च्या 'हैदर'मध्ये त्याच दिग्दर्शकाने हॅम्लेटची भूमिका काश्मिरी तरुणाला दिली, हेही सांगितले पाहिजे.

दुसऱ्याने घातलेल्या कपड्यांची तक्रार सोपी असते. आता देवलांची 'शारदा' घेऊ. १८९९ चे नाटक. लोभी बाप कांचनभट पैशासाठी मुलगी म्हाताऱ्या भुजंगनाथाला द्यायला निघतो. हे आज आमच्या भागात करायचे तर कुठे?

चटकन सुचते ती उसाच्या फडातली कोपी. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर या कारखान्यांच्या हंगामाला बीडकडून टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि उचल मिळते ती कोयत्यावर. म्हणून पोरींची लग्ने लवकर उरकतात. शारदा त्या कोपीत चपखल बसते. पण प्रयोग होणार बारामतीच्या किंवा इंदापूरच्या सभागृहात, आणि कोपीतले कुणी खुर्चीवर नसणार. आपण हळहळून घरी जाणार.

मग शारदेच्या खांद्यावर आमच्या उर्दू शाळेची ओढणी का नको? नववीतून अचानक गळणारी मुलगी आपल्याला अनोळखी नाही. यावर मोहल्ल्यात लगेच विचारतील, जमात आधीच बदनाम, त्यात तुम्ही आणखी भर का घालता? हा सवाल पोकळ नाही. मकबूलचा अनुभव त्याच्या मागे आहे. पण देवल स्वतः ब्राह्मण होते आणि त्यांनी ब्राह्मण घरातलीच लाज ब्राह्मण प्रेक्षकांसमोर मांडली. आपला दोष आपल्या माणसांत बसून सांगणे वेगळे, आणि परक्याने तो बाजारात दाखवणे वेगळे.

तरी नुसती ओढणी पुरत नाही. कांचनभट पैसे घेतो. आजचा बाप जहेज देतो, म्हणजे पैशाची दिशाच उलटी. शेवट तर कोसळतोच. मूळ नाटकात वधू-वर सगोत्र असल्याचे उघड होते आणि लग्न मोडते. निकाहात गोत्र कुठले? तिथे लग्न अडवू शकते ती मुलीची मर्जी. वकील आणि दोन साक्षीदार तिच्याकडे जातात ते तेवढ्यासाठीच. आणि तिथे आपला रिवाज काय? तिने मान खाली घातली की हां झाली. ते गप्प राहणे लाजेचे की भीतीचे, हे कुणी थांबून पाहत नाही.

देवलांच्या शारदेला वाचवायला कोदंड आला. आपल्या प्रयोगात त्याला आणायची गरज नाही. वकील मामू विचारतील, साक्षीदार दाराशी उभे असतील, आणि पुढची ओळ तिचीच असेल. ती ओळ लिहायला आम्ही नववी-दहावीच्या मुलींनाच सांगू. बापाची भूमिका करायला मात्र कुणी सहज तयार होईल असे वाटत नाही.