पोकळी आहे की नाही?

भद्रावतीच्या विजासन टेकडीतल्या लेण्यात शिरलं की आधी एक लांब, सरळ बोळ लागतो. टोकाला गाभारा, त्यात बसलेले बुद्ध. आडव्या फुटलेल्या वाटांच्या शेवटीही तसेच गाभारे. कारागिरांनी इथे काही बांधलं नाही, फक्त दगड काढून टाकला. मग त्यांनी घडवलं काय? पोकळीला वस्तू म्हणायचं का?

बौद्ध परंपरेने हा प्रश्न थेट माणसाच्या देहाला विचारला. 'महाहत्थिपदोपम सुत्ता'त बुद्धांचे शिष्य सारिपुत्त सांगतात, की लाकूड, वेली, गवत आणि माती यांनी वेढलेल्या आकाशाला, म्हणजे पोकळीला, आपण घर म्हणतो, तसं हाडामांसाने वेढलेल्या आकाशाला शरीर. 'सतिपट्ठान सुत्ता'तल्या अवयवांच्या यादीत हृदय, यकृत, प्लीहा आणि फुफ्फुसांसोबत 'किलोमक' येतं. अनेक अनुवादकांच्या मते ते फुफ्फुसावरण.

हे आवरण दुपदरी असतं. एक पदर फुफ्फुसाला चिकटलेला, दुसरा छातीच्या भिंतीला. दोहोंमध्ये जेमतेम दोन-चार चमचे द्रव. तिथला दाब बाहेरच्या हवेपेक्षा थोडा कमी असतो, म्हणून एरवी आकसू पाहणारं फुफ्फुस भिंतीला धरून राहतं. बरगड्या उचलल्या जातात, श्वासपटल खाली सरकतं, फुफ्फुस त्यांच्यामागे ताणलं जातं आणि हवा आत येते. निरोगी छातीत त्या दोन पदरांमध्ये रिकामी जागा अशी नसतेच. जखमेतून हवा शिरली किंवा क्षयाने पाणी साचलं, की मगच ती जागा उघडते आणि फुफ्फुस दबतं.

शून्यवादी बौद्ध आचार्य नागार्जुनाला हे उदाहरण आवडलं असतं. 'मूलमध्यमककारिके'च्या पाचव्या प्रकरणात तो आकाशाचीच परीक्षा करतो आणि ते 'आहे' असंही म्हणू देत नाही, 'नाही' असंही. त्याचं नाव इथे निघण्याला आणखी एक कारण आहे. चिनी यात्रेकरू ह्युएनत्संगाने कोसल देशाच्या वर्णनात नागार्जुनाची कथा सांगितली. 1873-74 च्या दौऱ्यानंतर पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅमने त्या देशाची राजधानी म्हणजे हेच भांदक, आजची भद्रावती, असं मत मांडलं. ते सर्वांना पटलेलं नाही. पण शून्याचा विचार करायला याहून योग्य गाव शोधूनही सापडणार नाही.

मात्र शून्यवाद म्हणजे दुःख खोटं, असा अर्थ कुणी काढू नये. छातीत पाणी झालेल्या माणसाची धाप पुरती खरी असते. बुद्धांनी अतिसाराने लोळागोळा झालेल्या भिक्खूला आपला शिष्य आनंद याच्या मदतीने स्वतः धुतलं आणि रुग्णाची सेवा तीच माझी सेवा, असं संघाला बजावलं. देहाला धातूंचा, म्हणजे मूलतत्त्वांचा, समुच्चय म्हणणारा हाच शास्ता होता.

म्हणून, दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, श्वास घेताना कूस दुखत असेल, तर अंगावर काढू नका. क्षयाची तपासणी आणि औषधं सरकारी रुग्णालयात मोफत मिळतात.