मागून घेतलेली खेळपट्टी

कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर नोव्हेंबर २०२५ मध्ये भारताला कसोटी जिंकायला १२४ धावा हव्या होत्या. डाव ९३वर आटोपला. कर्णधार शुभमन गिल मानेच्या दुखापतीमुळे फलंदाजीला येऊ शकला नाही, हे खरे. पण त्याच खेळपट्टीवर दक्षिण आफ्रिकेचा टेंबा बवुमा नाबाद ५५ धावा करून गेला होता आणि साऱ्या सामन्यातले ते एकमेव अर्धशतक होते. पुढे गुवाहाटीत खेळपट्टी चांगली होती, पाहुण्यांनी तिथे ४८९ धावा केल्या, आणि आपण ४०८ धावांनी हरलो. धावांच्या हिशेबात कसोटीतला आपला हा सर्वांत मोठा पराभव.

वर्षभर आधीच न्यूझीलंडने हा इशारा दिला होता. बंगळुरूत ४६ धावांत सर्वबाद, पुण्यात मिचेल सँटनरला १३ बळी, वानखेडेवर १४७ धावांचा पाठलाग करताना १२१वर खेळ खलास. तिथे ११ बळी घेणारा एजाज पटेल मुंबईतच जन्मलेला. घरच्या मैदानावर सलग १८ मालिका जिंकलेला आपला संघ ३-० असा हरला.

या फलंदाजांना खेळताच येत नाही, असे म्हणून हात झटकणे मला मान्य नाही. २०२५च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये याच गिलने मालिकेत ७५४ धावा केल्या. मँचेस्टरला दुसऱ्या डावात धावफलकावर शून्य असताना दोन गडी गेले, तरी आपल्या लोकांनी दीड दिवस किल्ला लढवून कसोटी वाचवली. म्हणजे संयम मेलेला नाही. तो आपल्याच मातीवर का टिकत नाही, हा प्रश्न आहे.

ईडनच्या पराभवानंतर प्रशिक्षक गौतम गंभीर यांनीच सांगितले की, आम्हाला हवी होती तशीच खेळपट्टी मिळाली. या वाक्याने आपण सगळ्यांनी अस्वस्थ व्हायला हवे. पहिल्या दिवसापासून हातभर वळणारी खेळपट्टी मागून घेतली की थोर आणि साधारण फिरकी गोलंदाज यांतले अंतर पुसले जाते. आपल्या गोलंदाजांची वर्षांची मेहनत आपणच स्वस्त करतो. आणि फलंदाजाच्या मनात एकच विचार घर करतो: माझ्या नावाचा चेंडू येणारच आहे, तो येण्याआधी चार फटके मारून घेऊ. बचावावरचा विश्वास तिथे संपतो. ती सवय मग चांगल्या खेळपट्टीवरही सुटत नाही.

कुणी विचारेल, मुंबईचे फलंदाज तर कांगा लीगमध्ये भर पावसाळ्यात ओल्या, बेभरवशाच्या खेळपट्ट्यांवरच घडले ना? घडले. पण ती खेळपट्टी कुणी मागवलेली नव्हती, आणि नावाजलेले खेळाडूही तिथे उतरत. सुनील गावसकरांनी १९८७ साली बंगळुरूत, पाकिस्तानविरुद्ध, भयानक वळणाऱ्या खेळपट्टीवर ९६ धावा केल्या, त्या अशा सरावाच्या जोरावर. आज आपण आखाडा मागतो, पण आखाड्यात घाम गाळत नाही. विराट कोहली २०१२ नंतर थेट जानेवारी २०२५ मध्ये रणजी सामना खेळला, रोहित शर्मा जवळपास दहा वर्षांनी. तेही भारतीय क्रिकेट मंडळाने देशांतर्गत क्रिकेट सक्तीचे केल्यावर.

दोष केवळ त्यांच्यावर टाकणे अन्यायाचे होईल. रणजीतल्या अनुभवी खेळाडूलाही दिवसाला जास्तीत जास्त ६० हजार रुपये मिळतात आणि आयपीएलच्या लिलावात एका खेळाडूवर २७ कोटींची बोली लागते. सोळा वर्षांच्या मुलाने यातून काय शिकावे? चेतेश्वर पुजाराने २०२१मध्ये ब्रिस्बेनला अंगावर चेंडू झेलत २११ चेंडूंत ५६ धावा केल्या. तो उभा राहिला म्हणून ऋषभ पंतला शेवटी मोकळेपणी फटके मारता आले आणि मालिका आपली झाली. तरी ‘फार संथ खेळतो’ हेच आपण त्याला कायम ऐकवत राहिलो. नेटच्या जाळीबाहेर उभे राहून दहा वर्षांच्या पोराला ‘उचलून मार’ म्हणणारे आईबापही आपणच.

म्हणून मागणी दोन्हीकडे आहे. मंडळाने खेळपट्टी क्युरेटरच्या हाती सोपवावी आणि संघ व्यवस्थापनाला तिच्यापासून दूर ठेवावे. कसोटीच्या फलंदाजाला मालिकेआधी रणजीचे सामने, फिरकीला साथ देणाऱ्या मैदानांवर, चुकवता येऊ नयेत. रणजीचे मानधन असे असावे की चार दिवसांच्या खेळावर घर चालेल.

आणि आपण? त्या रणजी सामन्यात कोहलीला पाहायला दिल्लीत हजारो लोक आले. तो ६ धावांवर बाद झाला तसे स्टँड रिकामे होऊ लागले. रणजी सामन्याला बहुधा तिकीटही नसते. या हंगामात आपल्या शहरात सामना असेल तर मुलांना घेऊन जा, आणि एखादा अनोळखी फलंदाज सत्रभर चेंडू सोडत, अडवत उभा राहिला तर त्याच्यासाठी टाळ्या वाजवा.